गेटवरची गाववाली

टेम्पो दारात उभा होता आणि आय माझ्याशी बोलत नव्हती. आय म्हणजे माझी सासू. ड्रायव्हरशी बोलत होती, माझ्या दिराशी बोलत होती, टेम्पोत नीट न बसणाऱ्या लोखंडी कपाटाला शिव्या घालत होती, पण मी समोर आले की तोंड फिरवायची. जे बोलायचं ते आदल्या दिवशीच बोलून झालं होतं. "शाला पोरीची हाय ना? मंग बिऱ्हाड कशाला हालवतंस? सकालच्या एस्टीत बसवू तिला." आमच्या गावावरून वज्रेश्वरी-भिवंडी एसटी जायची, आणि एवढ्याशा पोरीला त्या एसटीत एकटं बसवण्यात आयला काही गैर वाटत नव्हतं, कारण कंडक्टर ओळखीचा होता. मला मात्र प्राचीला इंग्लिश मीडियममध्ये घालायचं होतं आणि शाळा सुटल्यावर तिला घ्यायला मी स्वतः गेटवर उभी राहणार होते. नवऱ्याला भिवंडीच्या एका गोडाऊनात सुपरवायझरची नोकरी होती, त्याचीही शिफ्टची धावपळ वाचणार होती. सगळं मीच ठरवलं होतं, म्हणून राग माझ्यावर.

टेम्पो निघाला तेव्हा आय पुढे चालत सुटली. विहिरीच्या वळणावर रस्ता अरुंद आहे, तिथे मधोमध उभी राहून हात हलवत ड्रायव्हरवर ओरडली, "हलू घे, मेल्या, पोर बसलीया आत." वळण पार झाल्यावर मी मागे वळून पाहिलं तर ती आमच्याकडे पाठ करून घराकडे निघालीसुद्धा होती. मीही चिडले होते. म्हटलं, नको बोलूस.

हे मी लिहितेय ते गावात मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या पोरांच्या शाळेपायी बिऱ्हाड हलवलेल्यांसाठी. तुम्ही म्हणाल, वज्रेश्वरी ते भिवंडी, हे काय गाव सोडणं झालं? लोक अमेरिकेला जातात. जाऊ देत. त्यांना निदान सगळं परकं असणार हे आधी ठाऊक असतं. मी एका एसटीच्या अंतरावर गेले आणि तिथे मला कळलं की मी एक नमुना आहे.

धामणकर नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. खाली कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. दिवसरात्र खटाखट, भांड्यांच्या मांडणीवरच्या वाट्या आपोआप पुढे सरकायच्या. शाळेच्या ॲडमिशनला आईबापांची मुलाखत होती. "मम्मीचं शिक्षण?" बारावी. "घरात इंग्लिशचं वातावरण आहे का?" घरात लूमचं वातावरण होतं, पण मी हो म्हटलं. प्राचीला ॲडमिशन मिळाली. नवऱ्याने पेढे वाटले. आयसाठी पेढे एसटीने गावी पाठवले, तिने ते शेजारी वाटले आणि मला निरोप पाठवला, "पोरीला भाकरी देतंस ना, का पावच?" एवढ्यावर आमचा अबोला सुटला.

गेट म्हणजे एक वेगळंच गाव होतं. त्या गावात कुणाला स्वतःचं नाव नव्हतं. मी वनिता, पण तिथे मी प्राचीची मम्मी. अंगणवाडीतल्या बाईंपासून बँकेतल्या बाईंपर्यंत सगळ्या कुणाची ना कुणाची मम्मी. शाळा सुटायच्या अर्धा तास आधीपासून गर्दी. मी पण काही संत नव्हे, मलाही बघून बघून हसू यायचं. एक मम्मी अशी होती की मुलीने गेटबाहेर पाय टाकला रे टाकला, तिच्या पाण्याच्या बाटलीआधी तिचा पेपर मागायची आणि तिथेच उभ्या उभ्या गेलेल्या मार्कांची चौकशी करायची. एक जण मधल्या सुट्टीत गरम डबा घेऊन यायची आणि गेटच्या गजांतून घास भरवायची. तिचा मुलगा सातवीत होता, त्याला मिशी फुटायला लागली होती. एका पप्पांची गाडी गल्लीपेक्षा रुंद होती. गाडी आत घातली की रिक्षा, सायकली, व्हॅन, म्हशी, सगळं ठप्प, आणि पप्पा काच खाली करून मोबाइलवर गोडाऊनचं भाडं ठरवत बसायचे. सगळ्या प्रोजेक्टची माहिती असलेली एक मम्मी होती, तिच्याभोवती कायम घोळका. लूमवरची शिफ्ट करून थेट येणारा एक बाप होता, त्याच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. तो कोपऱ्यात उभा राहायचा. त्याची मुलगी बाहेर आली की आधी त्याच्या भुवया पुसायची आणि मग दप्तर द्यायची.

यातली बरीचशी घोळक्यात चेष्टेचा विषय होती. मला वाटायचं, मी चेष्टा करणाऱ्यांत आहे.

पहिल्याच वर्षी भाद्रपदात आय आली. न कळवता. एसटी स्टँडवर उतरून शेअर रिक्षाने नाक्यावर आली, तिथून विचारत विचारत थेट शाळेच्या गेटवर. डोक्यावर टोपली, टोपलीत आमच्या शेतातल्या काकड्या. आमच्याकडे रीत अशी की नव्या हंगामाची पहिली काकडी कुणाच्याही दारात नेली की ती तशीच घरात न्यायची नाही. दारात जो उभा असेल त्याला आधी कापून द्यायची. ओळखीचा असो, नसो. नाहीतर पुढच्या वर्षी वेल धरत नाही म्हणतात. आयच्या हिशेबाने गेट म्हणजे दार, आणि दारात तर शंभर माणसं उभी. तिने टोपली खाली ठेवली, फुटपाथवर पाय पसरून बसली, कमरेचा कोयता काढला आणि काकड्या कापायला घेतल्या.

कोयता बघून वॉचमन उठला. तो बिचारा उत्तर प्रदेशातला, आमच्यासारखाच बाहेरून आलेला. "अम्मा, ये क्या है? ये अंदर रखो." आय म्हणाली, "घे रं बाबा, शेतातली हाय, तुझी पयली." आणि उभी फाक त्याच्या हातात. तो हसला. मग घोळक्यातल्या मम्म्यांना दिल्या. "घे गो बाय, शेतातली हाय, पानी न्हाय घातलं, देवाची हाय." सगळ्यांनी घेतल्या. मोठ्या गाडीवाल्या पप्पांना काचेतून दिली. भुवयांत कापूस असलेल्या बापाने दोन घेतल्या, एक मुलीसाठी. प्रोजेक्टवाल्या मम्मीने तर मीठ आहे का विचारलं, आणि आयने पदराच्या गाठीतून मीठ काढून दिलं. तेवढ्यात शाळा सुटली. आय उठून उभी राहिली आणि गावात शेताच्या बांधावरून मारतात तशी हाक मारली, "पिराची ये!" सगळी गल्ली वळून बघायला लागली. प्राची धावत आली आणि तिने आयला मिठी मारली. मला बरं वाटलं होतं. खरंच सांगते, त्या गेटवर उभी राहायला लागल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दरवर्षी मग आय त्या दिवसांत यायची. तिची टोपली दिसली की वॉचमन स्वतःची खुर्ची द्यायचा.

प्राची तिसरीत असताना स्नेहसंमेलनात पालकांचाही एक कार्यक्रम ठेवायचं ठरलं. प्रोजेक्टवाली मम्मी, म्हणजे ऋतुजाची मम्मी, पुढे झाली. तिने नाटुकलं लिहिलं: गेटवरचे पालक. मार्कवाली मम्मी, डबेवाली मम्मी, गाडीवाले पप्पा. घोळक्यात वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या खो खो हसत होत्या, मीही हसले. मग तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "आणि प्राचीची मम्मी, तुम्ही गाववाली करा. तुम्हाला काही पाठ करायलाच नको. घरी बोलता तसंच बोलायचं."

मला घेतलं म्हणून क्षणभर आनंद झाला, ही माझी अक्कल. मग तिने पान पुढे केलं. गाववाली टोपली आणि कोयता घेऊन येते. वॉचमन घाबरून पळतो. गाववाली मधोमध फतकल मारते, हाताने नाक पुसते आणि त्याच हाताने सगळ्यांना काकडी देते. सगळ्या मम्म्या ई ई करत मागे सरतात. "घे गो बाय, शेतातली हाय." शब्द न् शब्द लिहिला होता. नाक पुसणं, वॉचमनचं पळणं आणि ते ई ई मात्र तिच्या पदरचं.

मी म्हटलं, "ही माझी सासू आहे."

ती म्हणाली, "अहो, मनावर काय घेता? मी तर स्वतः मार्कवाली करतेय. आम्ही सगळ्यांवरच विनोद केलाय."

सगळ्यांवर. या एका शब्दाचा मला आजही संताप येतो. मार्कवाली मम्मी म्हणून कुणी हसलं तर त्यात अपमान कुठे आहे? तिची मुलगी पहिली येते हेच त्यातून कळतं. गाडीवाल्या पप्पांची चेष्टा केली की त्यांची गाडी मोठी आहे हे पुन्हा एकदा सगळ्यांना सांगून होतं, ते स्वतःच पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याच्यावर विनोद केला की त्याचं कौतुकच होतं. माझ्या आयकडे टोपली होती, कोयता होता आणि तिची बोली होती. त्यावर हसलं तर तिच्याकडे उरलं काय? आणि मला सांगा, त्या भुवयांत कापूस असलेल्या बापावर कुणी का नाही लिहिलं? कारण तो त्यांना दिसतच नव्हता. आय दिसली, कारण तिने त्यांना खायला दिलं.

मी हे सगळं तेव्हा बोलले नाही, कारण रागाने माझे शब्दच अडकतात. एवढंच म्हटलं की मी हे करणार नाही आणि दुसऱ्या कुणीही करायचं नाही. प्राचीच्या वर्गाच्या बाईंपर्यंत गेले. बाईंनी ऋतुजाच्या मम्मीला बोलावून घेतलं, आणि ती हात जोडून म्हणाली, "काढून टाकते, तुम्हाला वाईट वाटत असेल तर नक्की काढते." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो ड्युटीवरून दमून आलेला. म्हणाला, "हसून सोडून द्यायचं. आपल्याला इथेच राहायचंय." मी त्या रात्री त्याच्याशीही बोलले नाही.

प्राचीचा नाच होता, म्हणून आयला बोलावलं होतं. काढून टाकलं म्हटल्यावर मी निर्धास्त. आय नवं हिरवं लुगडं नेसून आली, केसात अबोलीचा गजरा. आम्ही मधल्या रांगेत बसलो. प्राचीचा नाच झाला, आयने उभं राहून शिट्टी तेवढी मारली नाही, बाकी सगळं केलं. मग नाटुकलं सुरू झालं. मार्कवाली आली, आय हसली. डबेवाली आली, आय डोळे पुसत हसली, मला म्हणाली, "अशीच येते ना गो ती?"

आणि मग डोक्यावर टोपली घेऊन कुणाची तरी मम्मी आली. हातात पुठ्ठ्याचा कोयता, त्याला चांदीचा कागद. लुगडं आमच्यासारखं नेसायचा प्रयत्न केलेला, गुडघ्याच्या वर. वॉचमन झालेला पालक किंचाळून पळाला. पूर्ण हॉल हसायला लागला. आयसुद्धा हसत होती. तिला अजून कळलं नव्हतं. ती बाई फतकल मारून बसली, नाक पुसलं, आणि सिनेमातल्या मोलकरणी बोलतात तशा कुठल्या तरी हेल काढलेल्या भाषेत म्हणाली, "घे गो बाय, शेतातली हाय."

आयचं हसणं थांबलं. तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग हळूहळू मिटलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. आजूबाजूचे लोक हसून हसून खुर्च्यांवर वाकत होते. स्टेजच्या बाजूला नाचाच्या कपड्यांतल्या पोरी बसवल्या होत्या, त्यांत प्राची. शेजारची मुलगी तिला कोपराने ढोसत होती. नंतर मला कळलं, ती विचारत होती, "ए, तेरी दादी है ना?" आणि प्राचीने मान हलवून नाही म्हटलं.

मी उठायला लागले. आयने माझा हात मांडीवर दाबून धरला. असा दाबला की बांगडी रुतली. "बस," म्हणाली. शेअर रिक्षात पूर्ण रस्ता ती बाहेर बघत होती. नाक्याला उतरल्यावर बोलली ते एवढंच, "पोरगी बरी नाचली."

दुसऱ्या दिवशी मी गेटवर भांडले. तुमच्यातल्या काहींना हे ऐकून माहीत असेल, कारण गोष्ट गावापर्यंत पोचली होती. मी ऋतुजाच्या मम्मीला घोळक्यातून बाहेर ओढलं नाही की हात लावला नाही, पण तोंड सोडलं. घरच्या बोलीत सोडलं, कारण राग मला दुसऱ्या कुठल्या भाषेत येतच नाही. "तुमी काकरी खाल्ली का न्हाय? मीठ लावून खाल्ली का न्हाय? तवा नाक पुसलं व्हतं का तिनी? बोल ना गो, तवा का खाल्ली?" तिने डोळ्यांवरचा गॉगल नीट केला आणि बाकीच्या मम्म्यांकडे वळून हळूच म्हणाली, "बघा."

बस्स. बघा. तिला एवढंच म्हणायचं होतं. मी ओरडले म्हणजे गाववाली ओरडणारच. गप्प बसले असते तर गाववाली भोळी असतेच. काही केलं तरी मी तिच्या नाटुकल्यातच. वॉचमन मात्र माझ्या बाजूने उभा राहिला, "भाभी सही बोल रही है." त्याला कोण विचारतं? त्याला संध्याकाळी ऑफिसात बोलावून समज दिली गेली.

प्राचीला मी शाळेतून काढलं नाही. काढून न्यायचं कुठे? सगळीकडे गेट असतंच. ती हुशार होती, शिकली, मार्कवाल्या मम्मीच्या मुलीच्या पुढेही एकदोनदा गेली. घरात आमच्याशी ती हळूहळू पुस्तकातलं बोलायला लागली. गावी गेली की पायरीवर बसून राहायची, मोबाइल आल्यावर मोबाइल. तिला मी काय बोलू? मान हलवून नाही म्हणाली तेव्हा ती आठ वर्षांची होती. हॉलभर माणसं ज्याला हसतात ते आपलं आहे असं त्या वयात कुठल्या पोराला म्हणता येतं? माझा राग तिच्यावर नाही. ज्यांनी तिला तिथे बसवून ते दाखवलं, त्यांच्यावर आहे. अजून आहे, आणि कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

आय त्यानंतर शाळेकडे कधी फिरकली नाही. मी बोलावलं, भांडले, ती म्हणायची, गुडघे दुखतात. भिवंडीला यायची ती बाजाराला आणि दवाखान्याला. आता तर खोली सोडून आम्ही फ्लॅट घेतलाय. दाराला बेल आहे, बेलवर गणपती.

गावात कुणी बेल वाजवत नाही हे तुम्हाला सांगायला नको. अंगणातून हाक मारायची, ओ देईपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरात पोचलेले असता. आयला तर मी आयुष्यात कधी कुणाच्या दारात थांबलेलं बघितलं नव्हतं, तलाठ्याच्या घरातसुद्धा ती सरळ चुलीपर्यंत जायची.

मागच्या खेपेला बेल वाजली तेव्हा मी आत होते. प्राचीने दार उघडलं, कॉलेजला सुट्टी होती म्हणून ती घरी होती. दारात आय. चपला काढून हातात धरलेल्या. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. आणि माझ्या पोरीला विचारते, "येऊ का गो आत?"

प्राची म्हणाली, "ये ना." खुर्ची पुढे केली, ट्रेमधून पाणी आणलं, बिस्किटं आणली. सगळं कसं व्यवस्थित. पाहुण्यांचं करायला तिला शाळेत छान शिकवलंय. आय खुर्चीच्या कडेवर बसली, अर्धीच, उठायला सोपं पडावं अशी. बिस्किट घेण्याआधीही तिने प्राचीकडे बघितलं.

माझं डोकं फिरलं. मी बाहेर येऊन आयवरच ओरडले. "इचारतंस कोनाला? तुझं घर हाय. परत इचारलंस तं दारच उघडनार न्हाय."

आय कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "एकदा न इचारता आली व्हती ना गो. हसली ना सगली."

प्राचीच्या हातात ट्रे होता. तिने तो खाली ठेवला, तोही आवाज न करता. आय पाणी प्यायली आणि दुपारच्या एसटीने परत गेली.

मी सणाला गावी जाते तेव्हा आजही अंगणातून हाक मारत थेट चुलीपाशी जाऊन बसते, आणि मला तिथे कुणी विचारत नाही. लोक मला विचारतात, आता भिवंडीच तुमचं घर झालं असेल ना? कर भरतो, मीटर आमच्या नावावर आहे, दारावर आमच्या आडनावाची पाटी आहे. पण माझी आय जिथे चपला हातात घेऊन आत येऊ का म्हणून विचारते, त्या जागेला मी घर म्हणणार नाही.